लढाईनंतरचे सहा महिने बघा

प्रश्न असा आहे: "एकाच मोठ्या लढाईनं अख्ख्या युद्धाची दिशा बदलली असं आपण वाचतो. हे खरंच घडतं, की नंतर इतिहास लिहिणारे आपल्या सोयीसाठी एक तारीख पकडतात? पानिपत सोडून एखादं उदाहरण द्या."

"पानिपत सोडून" ही अट वाचून हसू आलं. मराठी माणसाशी युद्धावर बोलायला बसलं की पाचव्या मिनिटाला तो बुराडी घाटावर पोचतो. अट पाळतो, फक्त एके ठिकाणी चार ओळींपुरती मोडेन. माझ्याबद्दल सांगायचं तर पायदळात पंचवीस वर्षांवर नोकरी झाली, त्यातली बरीच मणिपूर-नागालँडच्या डोंगरांत, आणि शेवटी काही वर्षं तरुण अधिकाऱ्यांना युद्धेतिहास शिकवला. त्यामुळे उदाहरण तिथलंच देतो, जिथली माती पायाखाली घेतलेली आहे: कोहिमा आणि इम्फाळ, १९४४.

आधी थोडक्यात उत्तर. होय, एका लढाईनं युद्ध फिरतं, पण अशा लढाया फार थोड्या. आणि ज्या दिवशी लढाई संपते त्या दिवशी कुणालाच खात्रीनं सांगता येत नाही की ही त्यातली एक आहे. त्या दिवशी एवढंच कळतं की टेकडी कुणाच्या ताब्यात राहिली. युद्ध फिरलं का, हे पाहायचं तर पुढचे सहा महिने बघायचे. हरलेल्या बाजूला जे काल करता येत होतं, त्यातलं आता काय करता येत नाही? जे गेलं ते समोरच्याची पुढची चाल येण्याआधी भरून निघतं का? भरून निघालं तर ती नुसती मोठी लढाई. मेलेल्यांची संख्या कितीही असो.

आता १९४४ चं सांगतो. जपानी फौजांनी मार्च १९४२ मध्ये रंगून घेतलं आणि मे महिन्यापर्यंत ब्रिटिश-भारतीय सैन्य अख्खा ब्रह्मदेश सोडून, मार खात, पायी इम्फाळला पोचलं. पुढची दोन वर्षं चिंदविन नदी ही जणू सरहद्द. मधल्या डोंगररांगांतून मोठी फौज नेता येणार नाही असं दोन्ही बाजू धरून चालल्या होत्या. १९४३ मध्ये ब्रिटिश सेनानी विंगेटच्या चिंदित तुकड्या, म्हणजे शत्रूच्या पाठीमागे घुसून लढणाऱ्या तुकड्या, त्याच डोंगरांतून पलीकडे जाऊन आल्या. लष्करी हिशेबानं त्यांनी फार काही मिळवलं नाही, पण जपानी सेनापती रेन्या मुतागुचीनं त्यातून एक धडा घेतला: ते येऊ शकतात, तर मीही जाऊ शकतो. हा मुतागुची म्हणजे १९३७ मध्ये चीनशी युद्ध पेटलं तेव्हा मार्को पोलो पुलापाशी ज्याची रेजिमेंट होती, तोच. स्वतःवर जरा जास्तच विश्वास असलेला माणूस.

मार्च १९४४ च्या दुसऱ्या आठवड्यात त्याच्या पंधराव्या आर्मीनं चढाई सुरू केली. तीन डिव्हिजन, सारं मिळून सुमारे ८५ हजार माणसं. दोन डिव्हिजन इम्फाळवर, आणि तिसरी, कोतोकू सातोची एकतिसावी, उत्तरेला कोहिमावर. कोहिमा म्हणजे दिमापूरहून इम्फाळला जाणाऱ्या एकमेव धड रस्त्यावरची खिंड. दिमापूरला रेल्वे आणि मैलोन्‌मैल पसरलेलं रसदीचं कोठार. तीच रेल्वे पुढे आसामात जाऊन चीनला रसद नेणाऱ्या विमानांच्या तळांना पोसत होती. म्हणजे एक रस्ता, एक रेल्वे आणि त्यावर लटकलेल्या दोन आघाड्या.

मुतागुचीची योजना मूर्खपणाची होती असं हल्ली सर्रास लिहितात. मला ते पटत नाही. योजना धाडसी होती आणि एका गृहीतावर उभी होती: तीन आठवड्यांत इम्फाळ पडेल आणि त्यानंतर आपण ब्रिटिशांच्याच कोठारातून खाऊ. म्हणून माणसांच्या पाठीवर साधारण तीन आठवड्यांचा शिधा, आणि सोबत चालतं मांस म्हणून गुराढोरांचे कळप. गुरं चिंदविन ओलांडतानाच बुडू लागली, उरलेली कड्यांवरून कोसळली. हत्यारं, हिंमत, चालण्याचा वेग, सगळं होतं. दिवस मात्र मोजून दिलेले होते. वर्गात मी हाच मुद्दा आधी फळ्यावर लिहायचो, कारण या लढाईत जमिनीपेक्षा दिवसांसाठी जास्त माणसं मेली.

आणि इथे मराठ्यांचा संबंध येतो, जो महाराष्ट्रात फारसा कुणाला ठाऊक नसतो.

उख्रूलच्या बाजूला ५० वी भारतीय पॅराशूट ब्रिगेड नुकतीच आलेली होती. जंगलातली तालीम आणि टेहळणी एवढंच काम सांगितलेलं. तिच्यात दोन पॅराशूट बटालियन होत्या, एक भारतीय आणि एक गुरखा, आणि जोडीला पायदळाची एक पलटण, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी. १९ मार्चला जपानी ५८ व्या रेजिमेंटचे लोक भारतीय पॅराशूट बटालियनच्या पुढच्या कंपनीवर अनपेक्षित आदळले आणि ती कंपनी जवळजवळ संपली. ब्रिगेडियर होप-थॉमसननं बाकीच्यांना मागे घेऊन सांगशाकच्या डोंगरावर गोळा केलं. नागा वस्तीजवळचा एक उघडा माथा, वर एक बाप्टिस्ट चर्च. लांबी-रुंदी काही शे यार्डांची.

मी त्या माथ्यावर उभा राहिलो आहे. हातभर माती, खाली खडक. तीन फुटांपलीकडे खंदक जात नाही. काटेरी तार त्यांच्याकडे नव्हती. पाणी माथ्यावर नाही, खाली उतरावं लागतं, आणि खाली शत्रू. खेचरं मेली ती तिथेच सडली. २२ ते २६ मार्च, पाच दिवस आणि रात्री, हल्ले, प्रतिहल्ले, चर्चभोवती हातघाई. विमानातून टाकलेल्या रसदीतला बराच भाग, जागा इतकी छोटी की, जपान्यांच्याच हातात पडत होता. २६ ला संध्याकाळी वायरलेसवर हुकूम आला की वाट काढत इम्फाळला या. चालू शकणाऱ्यांनी जखमींना जमेल तसं उचललं आणि अंधारात डोंगर सोडला. सहाशेच्या आसपास माणसं गेली किंवा जखमी झाली.

आता हिशेब मांडा. टेकडी कुणी घेतली? जपान्यांनी. म्हणजे सांगशाक ही हरलेली लढाई, आणि तेव्हा ती तशीच मोजली गेली. त्या ब्रिगेडच्या वाट्याला सुरुवातीला कौतुकाऐवजी ठपकाच आला. पण मियाझाकी, म्हणजे सातोच्या पायदळाचा म्होरक्या, खरं तर कोहिमाकडे निघाला होता. सांगशाक त्याच्या डिव्हिजनच्या हद्दीतही नव्हतं, शेजारच्या डिव्हिजनच्या वाटेवर होतं. वाटेत शत्रू दिसला म्हणून तो तिथे गुंतला, आणि तीन आठवड्यांच्या शिध्यातला जवळपास एक आठवडा तिथे जळाला. शिवाय एका मेलेल्या जपानी अधिकाऱ्याजवळ नकाशा सापडला. कोहिमाकडे अख्खी डिव्हिजन चालली आहे हे त्यावरून दिसत होतं. चौदाव्या आर्मीचा सेनापती विल्यम स्लिम तोवर समजत होता की त्या बाजूला फार तर एक रेजिमेंट येईल. ही चूक त्यानं युद्धानंतर स्वतःच्या हातानं लिहून मान्य केली आहे. आपल्या चुका इतक्या स्वच्छ लिहिणारा सेनापती विरळाच.

त्या एका आठवड्यात काय काय झालं पहा. ब्रह्मदेशाच्या किनारपट्टीवर, आराकानात लढत असलेली पाचवी भारतीय डिव्हिजन, तोफा आणि खेचरांसकट, विमानांनी उचलून इम्फाळ आणि दिमापूरला आणली गेली. त्यासाठी चीनच्या हवाई मार्गावरची काही विमानं मागून घ्यावी लागली. ब्रिटिश दुसरी डिव्हिजन, जी तेव्हाच्या अहमदनगर आणि बेळगाव भागात सराव करत होती, रेल्वेनं आसामकडे निघाली. नकाशावर अहमदनगर ते दिमापूर अंतर मोजा आणि १९४४ च्या रेल्वेचा वेग डोळ्यांसमोर आणा. तो आठवडा मिळाला नसता तर ती डिव्हिजन पोचली असती, पण कशाच्या मदतीला, हा प्रश्न राहिला असता. जेसामी आणि खारासोमला आसाम रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीनंही असेच काही दिवस मिळवून दिले. ती पलटण तर अगदी नवी होती.

४ एप्रिलला मियाझाकीचे लोक कोहिमात शिरले. तिथे लढू शकतील अशी माणसं दीड हजारांच्या आसपास, बाकी हजारभर कारकून, स्वयंपाकी, आजारातून उठणारे. रॉयल वेस्ट केंटची एक बटालियन आणि राजपूत पलटणीची एक कंपनी ऐन वेळी आत पोचली. त्यांची उरलेली ब्रिगेड तीनेक किलोमीटरवर जोत्सोमाला अडकली. अडकली ते एका परीनं बरंच झालं, कारण भारतीय पहाडी तोफखान्याच्या तोफा तिथे राहिल्या आणि वेढ्यातल्या अधिकाऱ्यांनी वायरलेसवर सांगावं तिथे, आपल्या खंदकांपासून अगदी थोड्या अंतरावर, त्या गोळे टाकत राहिल्या. मी तोफखान्याचा नाही, पण कोहिमा तोफखान्यानं वाचवलं असं कुणी म्हणालं तर भांडणार नाही.

डेप्युटी कमिशनरच्या बंगल्याचं टेनिस कोर्ट सगळ्यांना माहीत असतं: एका कडेला हे, दुसऱ्या कडेला ते, मध्ये बाँबफेक. गोष्ट खरी आहे, पण ती इतकी सांगितली गेली आहे की बाकीचं झाकलं जातं. मला पाण्याची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. मुख्य पाणीसाठा पहिल्याच दिवसांत हातचा गेला. माणशी दिवसाला अर्ध्या लिटरहूनही कमी पाणी. विमानातून टायरच्या ट्यूबमध्ये भरून पाणी टाकलं जायचं. मग बंगल्याच्या मागे एक छोटा झरा सापडला, तिथे रात्री सरपटत जायचं, एकेकानं. तरुण अधिकाऱ्यांना त्या टेकडीवर नेलं की मी आधी विचारायचो, "तुमच्या कंपनीचं पाणी कुठून येईल?" बहुतेकजण मशीनगनची जागा शोधत असायचे.

वेढा १८ ते २० एप्रिलच्या दरम्यान फुटला. ते टेनिस कोर्ट १३ मे रोजी मोकळं झालं, तेही एक रणगाडा वर चढवून समोरासमोर गोळे मारल्यावर. इम्फाळ मात्र अजून वेढलेलंच, पण उपाशी नव्हतं. स्लिमचं गणित इथे जुळलं: आपण इम्फाळच्या मैदानात, आपल्या विमानतळांभोवती मागे यायचं आणि शत्रूला रसदीपासून दूर, आपल्या दारात लढायला लावायचं. विमानांनी रसद आणली आणि परत जाताना जखमी आणि सुमारे ४३ हजार बिगरलढाऊ माणसं बाहेर नेली. खाणारी तोंडं कमी करणं हीसुद्धा लढाईच. आपल्याकडे गडाला वेढा पडायच्या आधी किल्लेदार हेच करायचा.

तिकडे सातोला मागून काही येत नव्हतं. त्यानं तारांवर तारा केल्या, मुतागुचीकडून उत्तरादाखल धीर धरण्याचे उपदेश आले. ३१ मेच्या सुमाराला सातोनं हुकूम धुडकावून आपली डिव्हिजन मागे घ्यायला सुरुवात केली. जपानी सैन्यात असं घडणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. मुतागुचीनं एकामागून एक आपल्या तिन्ही डिव्हिजनच्या सेनापतींना काढून टाकलं. सातोवर खटला चालला असता तर तो सगळं बोलला असता, म्हणून त्याला मानसिकदृष्ट्या अस्वस्थ ठरवून विषय मिटवला गेला. २२ जूनला उत्तरेकडून आणि इम्फाळकडून आलेल्या तुकड्या रस्त्यावर १०९ व्या मैलाच्या दगडापाशी भेटल्या. माघारीचा हुकूम जुलैत निघाला, तोवर पावसानं वाटा चिखलाच्या केल्या होत्या. ८५ हजारांतले ३० हजारांवर मेले, त्यातले बरेच गोळीनं नव्हे तर भुकेनं, आमांशानं आणि हिवतापानं.

आता ते सहा महिने. पावसाळ्यात लढाई थांबवायची हा तोवरचा रिवाज. स्लिमनं तो मोडला आणि चिखलातूनच पाठलाग चालू ठेवला. माझ्या मते कोहिमा-इम्फाळ "युद्ध फिरवणारी" ठरली ती या निर्णयामुळे. दमलेल्या विजेत्यानं बसून घेतलं असतं तर मुतागुचीच्या जागी आलेल्या माणसाला फौज पुन्हा उभी करायला सहा महिने मिळाले असते. ते मिळाले नाहीत. नवे जपानी सेनापती चिंदविन राखू शकले नाहीत, श्वेबोच्या मैदानात लढायला थांबले नाहीत, थेट इरावदीमागे गेले. चढाई करण्याची मुभाच गेली, आता फक्त कुठे थांबायचं एवढंच ठरवणं उरलं. मार्च १९४५ मध्ये मेइक्तिला आणि मंडाले गेलं, ३ मे रोजी रंगून.

याहून एक बारीक गोष्ट आहे. या लढाईआधी ब्रह्मदेश उत्तरेकडून जमिनीवरून परत घेता येईल असं लंडनमध्ये फारसं कुणी मानत नव्हतं. मोठा घाव दक्षिणेकडून, समुद्रातून घालावा, तोही जहाजं मिळतील तेव्हा, असा विचार होता. जपान्यांनी आपली चांगली फौज डोंगराच्या अलीकडे येऊन स्वतःच संपवली, म्हणून जमिनीवरचा रस्ता उघडला. लढाईनं युद्धाची दिशा बदलणं म्हणजे हे: आदल्या वर्षी कुणाच्या योजनेत नसलेली मोहीम दुसऱ्या वर्षी शहाणपणाची ठरणं.

जपान तसाही हरणारच होता, पॅसिफिकमध्ये, हा आक्षेप येणार. बरोबर आहे. अख्ख्या महायुद्धाचा निकाल कोहिमावर लागला असं मी म्हणणार नाही. पण तुमचा प्रश्न दिशेचा आहे, निकालाचा नाही. दिमापूर पडलं असतं तर आसामची रेल्वे तुटली असती, चीनची रसद अडली असती आणि बंगाल, जिथे नुकताच दुष्काळ पडून गेला होता, तिथे काय झालं असतं याचा अंदाज करवत नाही. मुतागुचीच्या मनात दिमापूर होतंही. वरिष्ठ कावाबेनं परवानगी नाकारली. सातोनं कोहिमाला नुसता वेढा ठेवून बाकी फौज खाली उतरवली तर काय, ही धास्ती स्लिमला होती.

आणखी एक पदर आहे, तो टाळणं अप्रामाणिकपणा होईल. समोरच्या बाजूलाही भारतीय होते. आझाद हिंद फौजेच्या तुकड्या याच चढाईत होत्या, १४ एप्रिलला मोइरांगला तिरंगा लागला, पालेलच्या आघाडीवर त्या लढल्या आणि त्याच भुकेनं मेल्या. इम्फाळवरून दिल्लीचा रस्ता या लढाईनं बंद केला. पण नोव्हेंबर १९४५ मध्ये त्यांच्यावर लाल किल्ल्यात खटले भरले आणि देश पेटला, आणि फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत नौसैनिकांनी बंड केलं तेव्हा त्यांच्या मागण्यांत आझाद हिंदच्या कैद्यांची सुटका होती. रणात हरलेली फौज दीड वर्षानं सरकारला भारी पडली. माझं सहा महिन्यांचं माप इथे तोकडं पडतं, हे कबूल.

आता अट मोडतो. १४ जानेवारी १७६१ ला आपण जे गमावलं त्यात जमीन कमीच होती. अब्दाली परत गेला, आणि दहा वर्षांत महादजी शिंदे पुन्हा दिल्लीत होते. पण एका पिढीतले सरदार एका दिवसात गेले. माणूस घडायला वीस वर्षं लागतात. पुण्यात नंतर जे आपसांत झालं, त्याचं मूळ मी त्या रिकाम्या जागांत शोधतो. बस, चार ओळी झाल्या.

हेच माप पॅसिफिकमधल्या मिडवेच्या नौदल लढाईला लावलं की एक मजा दिसते. जून १९४२ मध्ये जपानचे उत्तमोत्तम वैमानिक तिथे बुडाले असं ऐकत आपण मोठे झालो. प्रत्यक्षात विमानांतले सुमारे ११० जण गेले, बाकीचे वाचले. ते पुढे सॉलोमन बेटांवरच्या झिजवणाऱ्या लढायांत संपले. मिडवेला खरं गेलं ते चार विमानवाहू जहाजं आणि जहाजांच्या पोटात विमानं दुरुस्त करणारे सातशेवर तरबेज कारागीर. त्यांची आठवण कुणी काढत नाही.

राहिला प्रश्न इतिहासकारांच्या सोयीचा. थोडी सोय असतेच. कोहिमाच्या बाबतीत तर उलटं झालं. जून १९४४ मध्ये ४ तारखेला रोम पडलं आणि ६ ला नॉर्मंडीत फौजा उतरल्या. २२ जूनला मणिपूरच्या एका रस्त्यावर काय झालं ते कोण वाचणार? चौदावी आर्मी स्वतःला "विसरलेली फौज" म्हणायची. २०१३ मध्ये लंडनच्या राष्ट्रीय लष्करी संग्रहालयात ब्रिटनची सर्वांत मोठी लढाई कोणती यावर मतदान झालं, तेव्हा वॉटर्लू आणि नॉर्मंडी मागे पडून इम्फाळ-कोहिमा पहिली आली. सत्तर वर्षं लागली. आणि ब्रिटनची म्हणायची तर चौदाव्या आर्मीतले बहुतेक जवान भारतीय होते, डोंगरात वाट दाखवणारे, ओझी वाहणारे, जखमी उचलणारे नागा होते.

कोहिमाला गेलात तर टेकडीवरच्या स्मशानभूमीत टेनिस कोर्टाच्या रेघा सिमेंटनं आखून ठेवलेल्या दिसतील. त्यांचा फोटो सगळेच काढतात. थोडं वर ज्यांचं दहन झालं अशा ९१७ हिंदू आणि शीख जवानांचं स्मारक आहे, तिथे पाच मिनिटं नावं वाचा. आणि एक दिवस हाताशी असेल तर इम्फाळहून उख्रूलच्या रस्त्यानं सांगशाकला जा. शक्यतो मार्चमध्ये जा, पावसाच्या आधी. पाणी किती खाली उतरून आणावं लागतं ते तेव्हाच कळतं.